'येतो' म्हणून उठणाऱ्यांची कोंडी

लग्नसराई आणि सणासुदीचे दिवस आले, की मध्यमवर्गीय मराठी घरांत एक जुनाच प्रसंग नव्याने घडू लागतो. दिवाणखान्यात पंधरा-वीस मंडळी बसलेली असतात, गप्पांना रंग चढलेला असतो, चहाची दुसरी फेरी होऊन गेलेली असते. कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ मात्र तासाभरापासून उठण्याचा मुहूर्त शोधत असतात. ते घड्याळाकडे चोरून पाहतात, चपला दाराच्या कोणत्या बाजूला काढल्या होत्या हे आठवून ठेवतात आणि 'बरं तर मग' असे पुटपुटतात. नेमक्या त्याच क्षणी कोणी तरी नवा विषय काढतो आणि गृहस्थ पुन्हा खुर्चीत रुततात. अखेर धीर करून ते उभे राहतात तेव्हा एकच गिल्ला होतो. 'एवढ्यात?', 'तुमचे हे नेहमीचेच!', 'घरी कोण वाट पाहत बसले आहे?' अशा प्रश्नांच्या फैरी झडतात, कोणी हात धरून बसवू पाहतो, कोणी चपला लपविण्याची धमकी देतो. दारापर्यंत पोहोचेतो त्या गृहस्थांची मुद्रा चोरी करताना सापडलेल्या माणसासारखी झालेली असते. पुढच्या वेळी निमंत्रण आले, की त्यांना अचानक काही काम निघते.

या प्रसंगातील विनोदाचा भाग सोडला तर उरते ती गोष्ट विनोदाची नाही. ज्याला समारंभातून उठता येत नाही तो हळूहळू समारंभाला जाणेच सोडतो. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाहेर पडता येणार नाही हे माहीत असूनही आत शिरण्याचे धैर्य अभिमन्यूपाशी होते, ते अबोल शिक्षकाकडून किंवा कारकुनाकडून कोणी का अपेक्षावे? तो आपला घरीच बसतो. मग लोक म्हणतात, माणूस शिष्ट झाला.

हा 'शिष्ट' शब्द मोठा बोलका आहे. मुळात तो सुसंस्कृत, शिक्षित, सदाचारी माणसाचा वाचक. शिष्टाचार, शिष्टमंडळ या शब्दांत त्याचा मान अजून टिकून आहे. पण घरगुती मराठीत तोच शब्द गर्विष्ठ, माणसांत न मिसळणारा अशा अर्थाने वापरला जातो. कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीने जे शब्द घडविले त्यांवर एकदा नजर टाकावी: घुम्या, एकलकोंडा, तुसडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ. यांतील एकही शब्द गौरवाचा नाही. उलट बोलका, दिलखुलास, गप्पिष्ट, माणूसवेडा या शब्दांत कौतुक भरलेले. बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, या अर्थाची म्हण तर बाजाराचा नियमच सांगून मोकळी होते. भाषा ज्या समाजाची असते त्याचे पूर्वग्रह ती असे बिनबोभाट सांगत असते.

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' या शब्दांना मानसशास्त्रीय अर्थ मिळाला तो स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या व्यक्तिप्रकारांवरील ग्रंथामुळे. ज्याचे मन बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे ओढ घेते तो बहिर्मुख आणि ज्याचे आतील विचारांकडे वळते तो अंतर्मुख, अशी ती ढोबळ विभागणी होती. पुढे १९६७ साली हान्स आयसेंक याने तिला शरीरशास्त्राची जोड देण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागृत अवस्थेत असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट आणि गडबड त्याला लवकर पुरेशी होते आणि लवकरच नकोशीही होते, असे त्याचे म्हणणे. नंतरच्या संशोधनाने हे चित्र एवढे सरळ नसल्याचे दाखविले असले, तरी अनुभव मात्र पुष्कळांच्या ओळखीचा आहे. बहुसंख्य माणसे दोन टोकांच्या मध्येच कोठे तरी असतात, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे आणि माणसांचा तिटकारा असलेला तर नव्हेच. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची भीती असते. अंतर्मुख माणसाला भीती असतेच असे नाही, त्याला थकवा येतो. शाळांमध्ये याची उदाहरणे जागोजागी दिसतात. दिवसाकाठी सहा तासिका शिकवून, साठ-साठ मुलांच्या वर्गाला खिळवून ठेवणारे शिक्षक सायंकाळी सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभात अर्ध्या तासात मिटून जातात. सहकाऱ्यांविषयी त्यांना प्रेम नसते असे मुळीच नाही. निरोपाचे सर्वांत मनापासून लिहिलेले पत्र कदाचित त्यांचेच असते. दिवसभराची बोलण्याची शिदोरी दुपारीच संपलेली असते, एवढेच. दिवसभर खिडकीपाशी बसून शंभर माणसांना उत्तरे देणाऱ्या कारकुनाचीही हीच कथा.

येथे असे विचारले जाईल, की थकवा आला तर माणसाने उठावे, त्याला कोणी बांधून ठेवले आहे काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी २०२१ साली ९३२ संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संभाषण कधी संपावे असे तुम्हांला वाटत होते आणि समोरच्याला कधी वाटत असेल, असे प्रत्येकाला विचारण्यात आले. दोघांनाही हवे त्या क्षणी संपलेले संभाषण जवळजवळ सापडलेच नाही. निदान एकाला तरी हवे तेव्हा संपले, असेही क्वचितच दिसले. हवा असलेला अवधी आणि प्रत्यक्षातला अवधी यांतील तफावत सरासरीने संभाषणाच्या निम्म्या लांबीइतकी निघाली. काहींना ते लवकर आटोपावे असे वाटत होते, तर काहींना आणखी चालावे असे. पण आपला सोबती कोणत्या बाजूचा आहे याची कल्पना बहुतेकांना नव्हती. म्हणजे कोपऱ्यातील खुर्चीवरच्या गृहस्थांची अडचण त्यांची एकट्याची नाही. 'बसा हो' असा आग्रह करणाऱ्या यजमानाच्याही मनात सकाळच्या सहाच्या गजराचा विचार चाललेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. दोघेही एकमेकांच्या भिडेखातर बसून राहतात.

संभाषण संपविणे ही स्वतंत्र कृती आहे, ते आपोआप संपत नसते, हे शेग्लॉफ आणि सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच एका निबंधात दाखवून दिले होते. माणसे एकदम निरोप घेत नाहीत. आधी एक पोकळ शब्द टाकून चाचपणी करतात. समोरच्याने त्या जागी नवा विषय घातला नाही, तरच पुढचे पाऊल टाकतात. मराठीत हे काम 'चला', 'बरं तर मग', 'असं आहे सगळं' हे शब्द करतात. या शब्दांना कोशात काही अर्थ असेल तो असो. बैठकीत त्यांचा अर्थ 'आता उठू द्या' एवढाच असतो. चतुर यजमान तो ओळखतो. बाकीचे म्हणतात, 'चला काय, बसा!'

आग्रहाचा हा अतिरेक परंपरेतून आला, असे समर्थन नेहमी केले जाते. ते तपासून पाहण्यासारखे आहे. परंपरेने पाहुण्याला बसविण्याची जेवढी काळजी घेतली त्याहून कांकणभर अधिकच काळजी त्याला सुखरूप उठविण्याची घेतली होती. दरबारात अत्तरगुलाब झाले आणि विडे फिरू लागले, की बैठक संपली असा संकेत होता. राजाला 'आता निघा' म्हणावे लागत नसे आणि सरदाराला 'आता निघतो' म्हणण्याची चोरी नसे. विडा दोघांच्याही वतीने बोलत असे. तोच संकेत पानसुपारीच्या समारंभांत उतरला. पानसुपारीला यावे, चार शब्द बोलावेत, पान घ्यावे आणि निघावे. चैत्रातले किंवा संक्रांतीचे हळदीकुंकू तर या दृष्टीने आदर्श म्हणावे असे. हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, हातात तिळगूळ किंवा वाण, आणि पंधरा मिनिटांत पाहुणी पुढच्या घरी. एका संध्याकाळी दहा घरे घेणाऱ्या बाईला 'तू फार लवकर निघालीस' असे कोणी म्हणत नसे. कुंकू लावले म्हणजे जाण्याची परवानगी मिळाली.

माणसांचे सोडा, देवालाही या समाजाने मुदत घालून दिली आहे. कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात, कोणाचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा. दीड दिवसाच्या गणपतीला कोणी तुसडा म्हटल्याचे ऐकिवात नाही. उत्तरपूजा होते, हातावर दही ठेवले जाते, पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण देऊन निरोप दिला जातो. घरात त्याची जागा रिकामी दिसते, कोणाचे डोळेही भरतात. पण 'थांबाच आता आणखी दोन दिवस' असा हट्ट कोणी धरत नाही.

निरोपाचा शब्दही याच शहाणपणाचा आहे. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. गुजराती 'आवजो' म्हणतात. कानडी आणि तमिळ माणूस जाऊन येण्याची भाषा करतो. कोकणीतही 'येतां' असेच म्हणतात. जाण्यातच परत येण्याचे वचन असल्यामुळे जाणे अपमानाचे ठरत नाही. अपवाद फक्त दुःखाच्या घराचा. समाचाराला गेलेला माणूस 'येतो' म्हणत नाही. थोडा वेळ बसतो आणि न बोलता उठतो. तेथे त्याला कोणी अडवत नाही, तो कोठे गेला म्हणून विचारत नाही. सर्वांत अवघड भेटीतून उठणे समाजाने सर्वांत सोपे करून ठेवले आहे. आनंदाच्या घरी ही सवलत का मिळू नये?

अर्थात केव्हाही, कोठूनही उठावे असा याचा अर्थ नव्हे. पंगत एकत्र बसते आणि एकत्र उठते. शेजाऱ्याचा भात व्हायचा असताना पान सोडून उभे राहणे हा उर्मटपणाच होय. कीर्तनात आख्यान रंगले असताना किंवा गवयाने विलंबित ख्यालाला हात घातला असताना समोरच्या रांगेतून उठणाऱ्याचा बचाव कोणीही करू नये. त्याने मागे, कडेला बसावे आणि दोन रागांमधल्या टाळ्यांत निघावे. भैरवी झाली, की सर्वांनाच मोकळीक असते. ज्या समारंभाला भैरवी आहे त्याची कोणालाच भीती वाटत नाही. भैरवी नसलेले समारंभ वाढले, ही आजची खरी अडचण आहे.

मुंबईत पूर्वी ही भैरवी रेल्वे गात असे. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या माणसाने 'शेवटची गाडी चुकेल' म्हटले, की गिरगावातील सर्वांत हट्टी यजमानही स्वतः उठून जिन्यापर्यंत येई. गावोगावी हेच काम मुक्कामाच्या एसटीने केले. लोकल आणि एसटी आजही धावतात, पण दाराशी बोलावता येणाऱ्या टॅक्सीने आणि घरोघरच्या मोटारींनी ते सन्माननीय निमित्त हिरावून घेतले. 'आम्ही सोडतो की गाडीने' हे वाक्य प्रेमाचे असले तरी ते ऐकून अंतर्मुख पाहुण्याचा चेहरा का उतरतो, हे सोडणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आणखी दोन तास बसणे आणि वर मोटारीतही बोलत राहणे, असा दुहेरी भार त्याच्यावर पडतो.

सरकारने मात्र न मागता काही भैरव्या पुरविल्या आहेत. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना रात्री १० ते सकाळी ६ बंदी घातली. वर्षातील ठरावीक १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्यांना आहे, एवढेच. रात्रभर रंगणाऱ्या संगीतसभा त्यामुळे आटोपल्या, याची हळहळ रसिकांना अजून वाटते आणि ती रास्त आहे. दुसरा प्रसंग साथीच्या काळातला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने लग्नसमारंभ २५ माणसांत आणि २ तासांत उरकण्याचा आदेश काढला. साथीचे संकट भयंकर होते आणि त्या दिवसांची आठवण कोणी हौसेने काढणार नाही. पण त्या दोन तासांत अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, जेवणेही झाली आणि ती लग्ने काही कमी पक्की ठरलेली नाहीत. बंधने उठताच समारंभ पूर्वीहून लांबले, ही गोष्ट वेगळी.

मग उठू इच्छिणाऱ्याने काय करावे? इंग्रजांनी न सांगता निसटण्याला 'फ्रेंच लीव्ह' असे नाव दिले. कचेऱ्यांतून तो शब्द बिनअर्जाच्या रजेसाठी सर्रास वापरला जातो. गंमत अशी, की याच कृतीला फ्रेंच लोक 'इंग्रजी पद्धतीने निसटणे' म्हणतात. दोन्ही राष्ट्रांना ही रीत लाजिरवाणी वाटली असावी, म्हणून तर ती शेजाऱ्याच्या नावावर खपविली गेली. दोनशे माणसांच्या स्वागतसमारंभात, वधूवरांना भेटून झाल्यावर, न सांगता निघण्यात काहीच वावगे नाही. तेथे निरोप घेण्यासाठी रांगेत पुन्हा उभे राहणे हाच यजमानाला त्रास. पण दहा माणसांच्या घरगुती बैठकीतून कोणी नाहीसे झाले तर मागे काळजी आणि तर्कवितर्क उरतात. तेथे सांगूनच गेले पाहिजे. मात्र सांगायचे ते एकालाच, यजमानाला किंवा यजमानीणबाईंना, स्वयंपाकघराच्या दाराशी हळू आवाजात. भर बैठकीत उभे राहून सर्वांना नमस्कार करणारा माणूस स्वतःच आपल्यावर खटला ओढवून घेतो. त्याच्यामागे आणखी चार जण उठतात आणि बैठक मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो तो निराळाच.

दुसरी गोष्ट वेळेची. लवकर निघू इच्छिणाऱ्याने लवकर जावे. समारंभाला उशिरा पोहोचून लवकर सुटू, हा हिशेब नेहमी चुकतो, कारण गर्दी आणि गोंगाट तेव्हा शिगेला पोहोचलेले असतात आणि 'आत्ता तर आलात' हा आक्षेप बिनतोड असतो. पहिल्या अर्ध्या तासात पोहोचणाऱ्याला यजमान निवांत भेटतो, दोन मनची बोलणी होतात, पाने मांडायला किंवा खुर्च्या लावायला हात देता येतो. हाताला काम असले, की अबोल माणूसही मोकळा होतो. आणि 'साडेआठला निघणार आहे' हे त्याने आल्या आल्या सांगून टाकावे. आल्याबरोबर सांगितलेली वेळ ही माहिती असते. निघताना सांगितलेली वेळ ही सबब वाटते. सबबींविषयी तर जितके थोडे बोलावे तितके बरे. पोटदुखी, घरी आलेले पाहुणे, मोबाइलवर खोटाच आलेला फोन, यांवर एक-दोनदा निभावते. तिसऱ्या वेळी यजमानीणबाई त्या पोटदुखीवर ओवा घेऊन उभ्या राहतात. 'छान वाटले, आता दमलो, येतो' हे तीन शब्दसमूह खरे आहेत आणि पुरेसेही आहेत. ते उच्चारण्याचा सराव मात्र करावा लागतो.

ही सारी चर्चा पाहुण्याची झाली. ज्यांना पाहुणे होताच येत नाही त्यांचे काय? सासरच्या घरातील समारंभात अंतर्मुख सुनेने कोठे जायचे? पुरुष 'जरा फिरून येतो' म्हणून चौकात जाऊ शकतो. चहा, फराळ, जेवण, पुन्हा चहा या चक्रात स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये फिरणाऱ्या बाईला अर्धा तास दार लावून बसायची सोय नसते. ती गप्प दिसली, तर लगेच 'हिचे काही बिनसले आहे का?' अशी विचारणा होते, आणि ती बहुधा दुसऱ्या बाईकडूनच होते. नोकरीहून आलेल्या शिक्षिकेवर तर हा भार दुप्पट. आग्रहाची संस्कृती ज्यांच्या श्रमावर उभी आहे त्यांना तिच्यातून उठण्याची मुभा सर्वांत कमी आहे, याची नोंद पाहुणचाराचे गोडवे गाणाऱ्यांनी घेतलेली नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर वळण घेऊ शकतो. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाला 'ओळख करून घेण्यासाठी' बोलावले जाते आणि दार लावले जाते. त्याने उठायचे नाही, गाणे म्हणायचे, नाचायचे, लाजला तर पुन्हा म्हणायचे. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला, त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ सालचे नियमही आहेत. तरीही गंमत आणि छळ यांतील रेषा कोठे आहे, असा प्रश्न मुले भाबडेपणाने विचारतात. ज्याला उठून जाता येते त्याच्याशी चाललेली ती गंमत. ज्याला उठू दिले जात नाही त्याच्याशी चाललेले दुसरे काही असते. वर्गशिक्षकांना आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना ही कसोटी वापरता येण्यासारखी आहे. सहलीत, स्नेहसंमेलनात, स्वागताच्या कार्यक्रमात न नाचणारे मूल आजारी नसते, त्याला मध्ये ओढून त्याची भीड चेपत नाही. त्याला टाळ्या वाजवू द्याव्यात, हिशेब लिहू द्यावा, पडदा ओढू द्यावा.

मोबाइलवरील समूहांनी या जुन्या अडचणीला नवे रूप दिले. शाळेच्या तुकडीचा समूह, कचेरीचा समूह, भाऊबंदांचा समूह. यांतून कोणी बाहेर पडला, की त्याची दवंडी सर्वांच्या पडद्यावर पिटली जात असे. २०२२ साली व्हॉट्सॲपने ही दवंडी बंद केली आणि बाहेर पडल्याची सूचना फक्त समूहप्रमुखाला जाईल अशी सोय केली. स्वयंपाकघराच्या दाराशी यजमानीणबाईंना हळूच सांगून निघण्याची जी रीत, तीच ही. परदेशी कंपनीला जे सुचले ते घरातील वडीलधाऱ्यांना सुचायला हरकत नसावी.

स्वागतसमारंभाच्या पत्रिकेवर 'सायंकाळी ७ ते १०' असे छापण्याची पद्धत आता रूढ आहे आणि तीबद्दल कोणाला राग येत नाही. घरगुती बोलावण्यात, कचेरीतील निरोपसमारंभाच्या फलकावर, शाळेतील शिक्षकांच्या स्नेहभोजनाच्या सूचनेत मात्र फक्त सुरुवातीची वेळ असते. तेथेही शेवटची वेळ लिहिण्यास काही खर्च येत नाही. ज्यांना मध्यरात्रीपर्यंत बसायचे आहे ते बसतीलच. कोपऱ्यातील गृहस्थ नऊ वाजता उठतील, चपला घालतील, आणि पुढच्या महिन्यात बोलावले तर पुन्हा येतील.